पँट घालून ये

सुट्टीच्या दिवशी घरातल्या पुरुषाने काय घालून दाराबाहेर पडावे, यावरून किती घरांत कुरबुरी होतात, वाचकहो, तुम्हीच आठवून पाहा. बायको म्हणते, "तो भोक पडलेला टी-शर्ट आता फरशी पुसायला घेते मी." नवरा म्हणतो, "रविवारी तरी जगू दे गं मला." टी-शर्ट काही फरशीपर्यंत पोचत नाही आणि विषय हसण्यावारी मिटतो. मिटायलाच हवा! पण एका इमारतीत तो मिटला नाही. तिथे त्याचा नियम झाला, नियमाचा फलक झाला, आणि त्या फलकासमोरून माणसे मान खाली घालून जाऊ-येऊ लागली. पुढे काय झाले ते सांगतो. वाचताना हसू आले तर जरूर हसा. त्या इमारतीतली माणसेही आधी हसतच होती.

इमारत पाच मजल्यांची, जुनी पण नीटनेटकी. तिचे सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहत. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. पत्नी जाऊन बरीच वर्षे झालेली. घरात ते, कॉलेजात जाणारा एकुलता एक मुलगा आणि निवृत्तीनंतर भावाकडे राहायला आलेल्या थोरल्या बहीण, आक्का. आक्कांनी सारी हयात इस्पितळात परिचारिका म्हणून काढली होती, त्यातली निम्मी अपघात विभागात.

इमारतीतली मुले सेक्रेटरींना पाठीमागे 'क्रीज' म्हणत. त्यांच्या पँटची घडी अशी धारदार, की बोट फिरवले तर कापेल! "एक नूर आदमी, दस नूर कपडा," हे त्यांचे आवडते वाक्य, आणि त्याच्या जोडीला दुसरे, "कॅज्युअल म्हणजे गबाळे नव्हे." सुट्टीच्या टी-शर्टालाही कॉलर हवी. पट्टा आणि बूट एका रंगाचे हवेत. शर्टाची खालची कड सरळ असेल तरच तो बाहेर सोडायचा, गोलाकार असेल तर आत खोचायचा. सँडलमध्ये मोजे घालणाऱ्याकडे तर ते एखाद्या आजाऱ्याकडे पाहावे तसे पाहत.

यात वाईट काय, असे तुम्ही विचाराल. काहीच नाही. माणसाने नेटके राहावे, आरशात पाहून बाहेर पडावे, त्यात चारचौघांचाही मान असतो. पण स्वतःच्या कपाटातला नियम दुसऱ्याच्या अंगावर चढवायला निघाला, की माणसाचे काहीतरी बिनसते. सेक्रेटरींनी लिफ्टशेजारी, जिन्याच्या तोंडाशी फलक लावला होता.

'पुरुष रहिवाशांनी हाफ पँट, बनियन अथवा घरचे कपडे घालून लिफ्ट, जिना व आवारात वावरू नये. बाहेरून येणाऱ्या कामगारांनाही हा नियम लागू आहे.'

बायकांच्या कपड्यांबद्दल फलकावर अवाक्षर नव्हते. तेवढे शहाणपण सेक्रेटरींकडे होते. शिवाय घरात आक्का होत्या.

नियम मोडणाऱ्याला शिक्षा अशी काही नव्हती. वॉचमन फक्त अडवायचा आणि सेक्रेटरी शांत आवाजात म्हणायचे, "वर जा आणि बदलून या." चारचौघांदेखत पन्नाशीतला माणूस शाळकरी पोरासारखा माघारी वळायचा. आवाज चढवायची गरजच पडत नसे. हळूहळू लोक दूध घ्यायला जातानाही पँट चढवू लागले.

त्या आठवड्यात जिन्याखाली एक वास येऊ लागला. जिन्याखालच्या लाकडी कपाटात सगळ्या इमारतीचे मीटर होते. जवळून जाताना रबर तापल्यासारखा मंद वास यायचा आणि बारीक घूं घूं ऐकू यायची. लिफ्ट मध्येच एक आचका द्यायची. संध्याकाळी दिवे पिवळे पडायचे आणि पुन्हा उजळायचे.

"सेक्रेटरीसाहेब," दुसऱ्या मजल्यावरचे औषधांचे दुकानदार एका सकाळी जिन्यात म्हणाले, "कसला जळकट वास येतोय हो? तुम्हाला नाही येत?"

सेक्रेटरींची नजर त्यांच्या बनियनवर खिळली होती. "आधी अंगात काहीतरी घालून या. मग वासाचं बघू."

दुकानदार बापडे शर्ट घालायला गेले, आणि शर्ट घालून येईपर्यंत वासाचे बोलायचे विसरले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, ते असे!

तरी सेक्रेटरी बेजबाबदार नव्हते, हेही सांगायला हवे. वास त्यांनाही आला होता. त्यांनी त्याच दिवशी वायरमनला फोन केला, आणि शनिवारी येतो असे त्याने कबूल केले.

त्याआधी आणखी एक प्रसंग घडला. मुलगा कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरला, तो घरातल्या हाफ पँटवर. खाली त्याचे दोन मित्र उभे होते. तेवढ्यात सेक्रेटरी कामावरून परतले. त्यांनी मुलाला आपादमस्तक न्याहाळले.

"बाबा, फक्त कचरा टाकायचा होता," मुलगा पुटपुटला.

"फलक मी लावलाय. माझाच मुलगा असा फिरला तर मी कुणाला काय तोंडानं सांगू? वर जा. पँट घालून ये."

"बादली इथंच ठेवू?"

"बादली घेऊन जा. पँट घालून, बादली घेऊन ये."

मित्र दुसरीकडे पाहू लागले. मुलगा भरलेली बादली घेऊन चार मजले चढला, पँट घातली आणि पुन्हा खाली उतरला. पोर तसे गुणी होते. आई नसलेली मुले कधीकधी जरा जास्तच गुणी होतात.

आक्कांनी हे गॅलरीतून पाहिले होते. संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. भाऊ आता टक्कल पडायच्या वयाचा झाला होता, पण आक्का त्याला अजूनही 'छोट्या'च म्हणत.

"छोट्या, पोराला आज दोनदा जिना का चढवलास?"

"शिस्त म्हणून."

"शिस्त? आज सकाळी इस्त्रीवाला दाराशी आला, तर तो दार उघडायच्या आधी खोलीत पळाला पँट घालायला. आपल्याच घराच्या दारात उभं राहायची भीती वाटते त्याला. नाकापेक्षा मोती जड झालाय रे तुझा!"

"आक्का, कपड्यांवरून जग माणूस ओळखतं."

"जग ओळखत असेल. मी इतकी वर्षं अपघात विभागात काढली. तिथं कपडे येत नाहीत, माणूस येतो. कुणी टॉवेलवर, कुणी लग्नाच्या सुटात. पहिलं काम काय करायचो आम्ही? कात्री घेऊन कपडे कापायचो. सूट असो की लंगोट, कात्री एकच. एकदा एक गृहस्थ छातीत दुखत असताना दाढी करून, टाय बांधून मग निघाले घरातून. टाय फार सुरेख होता. त्यांच्या बायकोच्या हातात दिला मी तो."

मुलाचा घास हातातच राहिला. सेक्रेटरींनी ताट बाजूला सारले.

"तुला माहीत आहे आक्का, मी असा का झालो. बाबा शाळेत आले होते, आठवतं? चुरगळलेला पायजमा, फाटकं बनियन, अनवाणी. भर वर्गात! सगळी पोरं फिदीफिदी हसली. मला ते हसणं अजून ऐकू येतं. त्या दिवशी ठरवलं, माझ्या घरातल्या माणसावर असं कुणी हसणार नाही."

आक्का त्याच्याकडे पाहतच राहिल्या. "आणि बाबा तसे का आले होते, ते आठवतं?"

"मला फक्त हसणं आठवतं."

आक्का काही बोलणार, तोच दिवा पिवळा पडला. पंखा गरगरत मंद झाला, थांबल्यासारखा झाला, मग पुन्हा फिरू लागला. सेक्रेटरी हात धुवायला उठले आणि ती गोष्ट तशीच अर्धी राहिली.

शनिवारी वायरमन आला. सेक्रेटरींची सुट्टी होती. ते खाली आले, तर वॉचमनने त्याला फलकापाशीच थोपवून धरले होते. वायरमनचा अवतार पाहण्यासारखा होता. खाली जाड रबरी गमबूट, त्यावर गुडघ्यापर्यंतची हाफ पँट आणि खांद्यावर अवजारांची पिशवी.

"हे काय? हाफ पँटखाली गमबूट?" सेक्रेटरींनी विचारले.

"साहेब, एका ठिकाणी पाण्याच्या टाकीची मोटर काढायला उतरलो होतो. पँट चिंब झाली. ती बघा, गाडीवर वाळत घातलीय. ओल्या कपड्यानं मीटरला हात लावू का?"

"दुसरी सोबत ठेवायची."

"आजवर कुणी मागितली नाही साहेब."

लिफ्टशी दोन-तीन माणसे थांबली होती. औषधांचे दुकानदारही होते, आज पूर्ण पोशाखात. सगळे सेक्रेटरींकडे पाहत होते. सेक्रेटरींच्या मनात एकदा आले, जाऊ दे, करू दे त्याला काम. पण लगेच दुसरे मन म्हणाले, पोटच्या पोराला बादलीसकट माघारी धाडलेस आणि याला सोडतोस? लोक काय म्हणतील?

"नियम म्हणजे नियम. घरी जाऊन नीट कपडे करून या."

"घर लांब आहे साहेब. मग आज नाही जमायचं, एकदम सोमवारी." वायरमनने नाक वर करून हवा हुंगली. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "वास चांगला नाही हा. नुसतं बघून तरी जाऊ द्या. नाहीतर मेन स्विच पाडून ठेवतो."

"दोन दिवस सगळी इमारत अंधारात ठेवू? सोमवारी या."

वायरमनने पिशवी उचलली. जाता जाता तो वळून म्हणाला, "वास वाढला तर मेन स्विच पाडा साहेब. माझी वाट बघू नका."

त्याच्या गमबुटांचा फटाक फटाक आवाज आवाराबाहेर गेला. लिफ्टशी कुणीतरी हसले. सेक्रेटरींना वाटले, हसू वायरमनला आहे. ते समाधानाने वर गेले. जिन्याखाली घूं घूं चालूच होती.

रविवार उजाडला. आक्का भाजी आणायला बाजारात गेल्या. मुलगा आपल्या खोलीत होता. सेक्रेटरी दाराआड होते, म्हणजे हाफ पँट आणि बनियनवर, कारण घरात तेही तुमच्या-आमच्यासारखेच होते. हातात वर्तमानपत्र होते. पंखा मंदावला आणि बंद पडला. या वेळी तो पुन्हा सुरू झाला नाही. खालून फट्ट असा आवाज आला, पाठोपाठ कुणीतरी ओरडले. काय ओरडले ते आधी कळले नाही. मग कळले.

"आग! आग!"

त्यांनी दार उघडले. जिन्यातून धुराची करडी रेघ वर येत होती. पाचव्या मजल्यावरचे जोडपे तान्ह्या मुलीला छातीशी धरून उतरत होते. तो कमरेला टॉवेल गुंडाळलेला, तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"चला साहेब, चला लवकर!"

"आलोच," सेक्रेटरी म्हणाले आणि घरात वळले. वाचकहो, ते मौल्यवान वस्तू घ्यायला वळले नव्हते. त्यांनी खुंटीवरची पँट घातली. शर्ट घातला, खोचला. पट्टा एकेका पट्टीतून ओवला. हात आपसूक चालत होते, आणि बूट घालून ते बाहेर येतात तो मुलगा दाराच्या चौकटीत उभा होता. हाफ पँट, अंगात बिनबाह्यांचा टी-शर्ट, पाय अनवाणी. एक पाय उंबऱ्याबाहेर.

"बाबा, चला ना! मी कधीचा थांबलोय."

सेक्रेटरींनी त्याच्याकडे पाहिले. तोंडातून शब्द निघाले ते रोजचेच.

"असा? खाली सगळी इमारत जमली असेल. पँट घालून ये. मी पुढं होतो, खाली बघायला हवं."

मुलगा क्षणभर घुटमळला. मग त्याने तो बाहेरचा पाय आत घेतला.

सेक्रेटरी तोंडावर रुमाल धरून उतरले. दुसऱ्या मजल्यानंतर डोळे चुरचुरू लागले, तळाशी येईतो कठडाही दिसेना. कपाटाच्या फटींतून लाल जिभा बाहेर येत होत्या आणि धूर तिथून थेट जिन्याच्या पोकळीत वर ओढला जात होता. वॉचमनने त्यांना हाताला धरून बाहेर काढले.

आवारात सगळी इमारत उभी होती. बनियनवर, टॉवेलवर, एकाच्या अर्ध्या गालाला साबणाचा फेस. औषधांचे दुकानदार नुसत्या चड्डीवर थरथरत होते. कुणी कुणाकडे पाहत नव्हते आणि कुणी हसत नव्हते. कडक इस्त्रीत एकटे सेक्रेटरी होते.

तेवढ्यात फाटकातून आक्का आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि जुन्या सवयीने एकेक चेहरा मोजला. भावावर नजर थांबली. मग त्याच्या मागे, डाव्या बाजूला, उजव्या बाजूला.

"छोट्या, पोर कुठंय?"

"येतोय." सेक्रेटरींनी जिन्याच्या दाराकडे पाहिले. तिथून आता काळा धूर बाहेर येत होता. "येतोय मागून. पँट घालतोय."

हे वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले, आणि त्याचा अर्थ त्यांना तेव्हा लागला. अरे देवा! पोर पँट घालत होते!

ते धावले. वॉचमनने कमरेला मिठी मारली, तरी त्याला ओढत गेले.

"थांब!" आक्का ओरडल्या. असा आवाज त्यांनी आयुष्यभर फक्त वॉर्डात काढला होता. "शर्ट काढ! पाण्यात बुडव, नाकातोंडाला बांध! वाकून जा, भिंतीच्या कडेनं!"

सेक्रेटरींनी बटणे सोडली नाहीत, शर्ट फाडूनच काढला. वॉचमनच्या बादलीत तो बुडवला, तोंडाला बांधला आणि बनियनवर ते आत शिरले. काजळी धरलेल्या फलकाला त्यांचा खांदा घासला. त्यांनी वर पाहिले नाही.

जिना त्यांचा रोजचा, पण आज तो ओळख देत नव्हता. गुळगुळीत बूट काजळीवर घसरत होते, ते त्यांनी दुसऱ्या मजल्यावर भिरकावून दिले. हाका मारायला तोंड उघडले की धूर आत शिरत होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या हाताला काहीतरी मऊ लागले.

मुलगा भिंतीला टेकून कोपऱ्यात दुमडून पडला होता. पँट घातलेली होती. शर्टही होता, कॉलरचा. पट्टा अर्धाच ओवलेला, त्याचे टोक लोंबत होते. एका पायात बूट होता, नाडी नीट बांधलेली, आणि दुसरा बूट त्याने हातात घट्ट धरला होता.

त्यांनी त्याला कसे खाली आणले, ते त्यांना कधीच सांगता आले नाही. आवारात आक्कांनी पोराला फरशीवर आडवे केले, मान मागे झुकवली आणि स्वतःचा श्वास त्याच्या छातीत भरू लागल्या. बंब आला, रुग्णवाहिका आली. एक परिचारिका कात्री घेऊन खाली वाकली. कॉलरपासून खालपर्यंत शर्ट कापला गेला, मग पट्टा, मग पँट. सेक्रेटरी ती कात्री चालताना पाहत होते. आक्कांनी जेवताना सांगितलेली तीच कात्री.

इस्पितळातल्या लांब बाकावर भाऊ-बहीण बसले होते. आतून निरोप येत नव्हता. येणारे-जाणारे सेक्रेटरींकडे पाहून पुढे जात. काळे बनियन, अनवाणी पाय, घडी कुठली तेही कळणार नाही अशी पँट. तळपायाला काच लागली होती आणि फरशीवर रक्ताचे ठसे उमटले होते.

"तुझ्या पायाला लागलंय," आक्का म्हणाल्या.

"लागू दे."

आक्कांनी वाकून रुमालाने ते रक्त टिपले. मग म्हणाल्या, "बाबांच्या पायालाही लागलं होतं."

सेक्रेटरींनी मान वर केली.

"तू शाळेच्या जिन्यावरून पडला होतास, छोट्या. डोक्याला खोक, शुद्ध हरपलेली. निरोप्यानं घरी येऊन सांगितलं, पोरगं हलत नाही. बाबा रात्रपाळी करून झोपले होते. उठले ते तसेच धावत सुटले, मी मागून त्यांच्या चपला घेऊन पळत होते. तुला वर्गातल्या बाकावर निजवलं होतं. तू डोळे उघडलेस तेव्हा पहिले तेच होते तुझ्यासमोर, रडत होते. मागं चार पोरं हसत होती. तुला नेमकी पोरंच आठवली."

"कधी बोलले नाहीत बाबा."

"काय बोलणार? तू दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणालास, पुन्हा माझ्या शाळेत येऊ नका. ते नाही आले पुन्हा."

सेक्रेटरींनी आपल्या पायांकडे पाहिले. मग बनियनकडे. त्यांचा बाप असाच दिसत होता त्या दिवशी! अगदी असाच! ज्या कपड्यांची त्यांना जन्मभर लाज वाटली, ते धावत आलेल्या बापाचे कपडे होते. आणि ज्या कपड्यांचा त्यांना अभिमान होता, त्यांच्यापायी आज पोर आत काचेपलीकडे निजले होते. त्यांनी ओंजळीत तोंड लपवले आणि माणसांनी भरलेल्या त्या जागेत ते मोठमोठ्याने रडले. कोण पाहतेय, याची त्यांना पर्वा उरली नव्हती.

दुपार टळल्यावर डॉक्टर बाहेर आले. "थोडा उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं," ते म्हणाले. "छातीत धूर बराच गेलाय. आवाज पहिल्यासारखा होईल का, आज सांगता येत नाही. पण धोका टळलाय. दोन मिनिटं भेटा."

मुलगा इस्पितळाच्या सैल झग्यात पडला होता. झगा गुडघ्यापर्यंतच होता. दारात वडील दिसताच त्याची बोटे हलली. त्याने चादर ओढली आणि धडपडत आपले उघडे गुडघे झाकले.

"बाबा," घोगरा आवाज कसाबसा बाहेर आला, "मी पँट घातली होती. यांनी कापली."

सेक्रेटरी पलंगाशी गुडघ्यांवर बसले. "माझं चुकलं रे," एवढेच त्यांना म्हणता आले. "माझं चुकलं."

पुढचे थोडक्यात सांगतो. सोमवारी वायरमन कबूल केल्याप्रमाणे आला, नवी कोरी फुल पँट घालून. जळालेले कपाट पाहून त्याने अवजारांची पिशवी खाली ठेवली. सेक्रेटरी सगळ्या इमारतीसमोर हात जोडून म्हणाले, "परवा तुम्हाला आत येऊ दिलं असतं तर हे झालं नसतं. दोष तुमच्या पँटचा नव्हता, माझ्या डोळ्यांचा होता." लिफ्टशेजारचा फलक धुराने काळा पडला होता, पण अक्षरे वाचता येत होती. तो त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला.

नागरिकहो, नेटके राहा. पट्टा-बूट जरूर जुळवा, शर्टाची कड पाहून खोचा, आरशासमोर हवे तितके उभे राहा. पण दुसऱ्याच्या गुडघ्यांवरून, बनियनवरून, चपलांवरून त्याची किंमत करू नका. आणि आपल्या मुलांच्या मनात कपड्यांची शिस्त रुजवताना तिथे भीती तर रुजत नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. कपडा माणसासाठी असतो. ज्या घरात माणूस कपड्यासाठी जगू लागतो, त्या घराच्या जिन्याखाली काहीतरी जळत असते. वास येत असेल, तर आजच दार उघडा!

मुलगा घरी परतला त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. कचऱ्याची बादली घेऊन तो दाराशी आला, हाफ पँटवर. उंबऱ्याशी त्याचा पाय थबकला आणि तो पँट घालायला आत वळला.

"थांब," मागून आवाज आला.

सेक्रेटरी जिन्यात उभे होते. अंगात जुने बनियन, खाली विटलेली हाफ पँट, त्यांचे पांढरेफटक बारीक पाय आयुष्यात पहिल्यांदाच इमारतीला दिसत होते. त्यांनी बादलीच्या कडीची दुसरी बाजू धरली. दोघे मिळून खाली उतरले. आवारात मुले खेळत होती, ती बघतच राहिली, आणि मग एकजण खुदकन हसला. पाठोपाठ सगळीच हसली. ज्या हसण्याला सेक्रेटरी जन्मभर भ्याले होते, ते त्यांनी त्या दिवशी भर आवारात ऐकले आणि स्वतःही हसले.

मुलगा मात्र अजून दाराशी थबकतो. दर वेळी, क्षणभर. सेक्रेटरी ते पाहतात आणि त्याचा हात धरून त्याला बाहेर नेतात.